लपायचं की पळायचं? कमला मिलच्या आगीचं प्रकरण

29 डिसेंबर 2017, रात्री साडेबाराच्या सुमारास लोअर परळच्या कमला मिल कंपाऊंडमध्ये ट्रेड हाऊस नावाच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आग लागली आणि 14 माणसं गेली, त्यातल्या 11 बायका. पन्नासच्या वर लोक जखमी. वन अबव्ह आणि मोजोज बिस्ट्रो अशी दोन रूफटॉप रेस्टॉरंट कम पब तिथे शेजारी शेजारी होती, एवढं बहुतेकांना आठवत असतं. मालक कोण, परवानगी कुणी दिली, कोण फरार झालं, कोण कुठे सापडलं यावर नंतर महिनाभर टीव्हीवर नुसता धुरळा चालू होता. ते सगळं महत्त्वाचं आहेच, पण मला या केसमध्ये अजूनही सगळ्यात जास्त खुपते ती गोष्ट वेगळीच आहे. माणसं कुठे सापडली? बरीचशी टॉयलेटमध्ये आणि त्याच्या आसपास. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं कारण गुदमरणं.

म्हणजे ही माणसं आगीकडे गेलीच नव्हती, आगीपासून लांब, आडोशाला, दार लावता येईल अशा जागी गेली होती. वेडेपणा नाहीये तो. तुम्ही मी तिथे असतो तर पाचातले तीन जण तिकडेच वळले असतो, कारण टॉयलेटमध्ये पाणी असतं, भिंती पक्क्या असतात, दार असतं आणि मुख्य म्हणजे ते कुठे आहे हे माहिती असतं, अर्ध्या तासापूर्वीच आपण तिथे जाऊन आलेलो असतो. इमर्जन्सी एक्झिट कुठे आहे ते कोण बघतं.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, पण असो) आठ महिन्यांनी तिथून जवळच परळला, हिंदमातापाशी क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा आत थांबून राहिलेली माणसं वाचली. तिथे हाच निर्णय बरोबर ठरला. मग करायचं काय माणसाने, लपायचं की पळायचं? ते ठरतं कशावर? हे नीट समजून घ्यायचं असेल तर कमला मिलची रात्र सावकाश बघायला लागते.

आधी जागा. कमला मिल म्हणजे जुनी कापडगिरणी, गिरणगावातली. गिरण्या बंद पडल्यावर त्या जमिनींवर ऑफिसं आली, स्टुडिओ आले, मग जेवायच्या पिण्याच्या जागा आल्या. त्या कंपाऊंडमध्ये टीव्ही चॅनेलची पण ऑफिसं होती, आगीमुळे काही चॅनेलचं प्रक्षेपणच बंद पडलं होतं त्या रात्री. आत यायचे रस्ते अरुंद, गाड्यांनी भरलेले, डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे गर्दी विचारू नका. ही गच्ची मुळात उघडी. उघडी गच्ची म्हटलं की आपल्याला उलट सेफ वाटतं, धूर वरच्या वर निघून जाईल असं. पण गच्ची उघडी राहिलेलीच नव्हती. वर बांबू, प्लॅस्टिक, ताडपत्री असलं छत केलेलं, बाजूने पडदे, खाली फर्निचर, सोफे, दारूचा साठा. एकदा छत घातलं की ती गच्ची नाही, खोलीच झाली, आणि तीही अशी खोली की जिचं छप्पर जळतं आणि जळता जळता तुमच्या डोक्यावर थेंब थेंब पडतं. वाचलेल्या एका डॉक्टर बाईंनी सकाळी ट्विटरवर लिहिलं होतं त्याचा आशय असा की चेंगराचेंगरीत कुणीतरी धक्का दिला, त्या पडल्या, लोक अंगावरून पळत होते आणि वरून पेटलेलं छत कोसळत होतं, आपण जिवंत बाहेर कसे आलो ते कळत नाही.

आग लागली कशी, तर फायर ब्रिगेडच्या रिपोर्टप्रमाणे मोजोजमधून, हुक्क्याच्या पेटत्या कोळशाच्या ठिणग्या उडाल्या आणि पडद्यांनी पेट घेतला. तिथून ती शेजारच्या वन अबव्हवर आली आणि जास्त माणसं तिथे गेली. हा भाग नीट लक्षात घ्या, वन अबव्हमध्ये बसलेल्या माणसाच्या दृष्टीने आग त्याच्या टेबलाजवळ सुरू झालीच नाही. ती बाजूने आली, छतावरून आली. त्याला कळलं तेव्हा ती मोठी होऊनच आली होती. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आगीचं चित्र असं असतं की कुठेतरी कोपऱ्यात छोटीशी ज्वाळा दिसेल, कोणीतरी ओरडेल, मग आपण उठू. बऱ्याचदा तसं होतच नाही.

अजून एक. अशा ठिकाणी धूर आणि ज्वाळा हा मेन्यूचाच भाग असतो. सिझलर धूर सोडत येतो, हुक्का चालू असतो, तंदूर असतो, वाढदिवस असला की केकवर फुलबाजी उडते. त्या रात्री पण वन अबव्हला एका तरुण मुलीचा वाढदिवस होता, मैत्रिणी घरची माणसं जमलेली, तीही वाचली नाही. तर अशा जागी थोडा धूर दिसला, जळका वास आला म्हणून कुणी खुर्चीतून उठत नाही, आणि पहिली वीस पंचवीस सेकंद तिथेच जातात. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला 20 फेब्रुवारी 2003 ला स्टेशन नावाच्या नाईटक्लबमध्ये स्टेजवरच्या फटाक्यांनी भिंतीवरचा फोम पेटला, सुरुवातीला लोकांना तो शोचाच भाग वाटला, आणि दीड मिनिटात आत श्वास घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. 100 माणसं गेली. बरीच गर्दी ज्या दाराने आत आली होती त्याच दाराकडे परत गेली आणि तिथेच अडकली, बाकीची दारं होती. आपल्याकडे गोव्यात डिसेंबर 2025 मध्ये आरपोऱ्याला नाईटक्लब जळाला त्याचा व्हिडिओ पाहिला असेल, वर छताला आग दिसतेय आणि खाली नाच चालूच आहे काही क्षण, मग म्युझिक थांबतं. तिथे 25 गेले.

म्हणून मी तरी आता असं मानतो की म्युझिक थांबायची वाट बघायची नाही. छताकडे बघून लोक बोटं दाखवायला लागले की उठायचं, बिल राहू दे, पर्स राहिली तर राहिली, आणि मोबाईल काढून शूटिंग तर अजिबात नाही. हास्यास्पद दिसलो तर दिसलो. फार तर काय, पाच मिनिटांनी परत येऊन बसू.

आता दार. महापालिका आणि पोलिसांनी नंतर जे सांगितलं त्यात होतं की इमर्जन्सी एक्झिटच्या वाटेवर सामान होतं, आणि स्टाफने गिऱ्हाइकांना वाट दाखवायचं सोडून स्वतः आधी काढता पाय घेतला. स्टाफवर सगळा राग काढून मोकळं होणं सोपं आहे, मला ते पूर्ण पटत नाही, कारण त्या पोरांना कधी कुणी शिकवलेलं असतं का की आग लागली तर तू कुठे उभा राहायचंस? महिन्याभरापूर्वी लागलेला वेटर, त्याला मेन्यू पाठ करून घेतात, एक्झिट दाखवत नाहीत. उलट त्या रात्री कंपाऊंडमधल्या सिक्युरिटी गार्डनी कित्येक लोकांना जिन्याकडे वळवून खाली काढलं. का जमलं त्यांना? कारण त्यांना ती बिल्डिंग माहिती होती, रोज रात्री राउंड मारून जिने पायाखालचे झाले होते, कुठलं दार कुठे निघतं ते अंधारात सांगू शकत होते. शौर्य होतंच, पण शौर्याला रस्ता माहीत असावा लागतो.

अंधार म्हणालो ते मुद्दाम. आग लागली की लाइट जाते किंवा बंद करतात, आणि धुरात टॉर्च पण हातभर लांब दिसत नाही. सिनेमात आगीत सगळं नारिंगी उजेडात दिसतं, खऱ्या आगीत काळोख असतो. डोळे झोंबतात, मिटतात. ज्या दाराकडे तुम्ही जाताय ते तुमच्या डोक्यात आधीच असेल तर भिंतीला हात लावून तुम्ही पोचाल, नसेल तर जिथे भिंत संपेल तिथे वळाल. आणि तिथे बऱ्याचदा टॉयलेट असतं.

टॉयलेटमध्ये नेमकं काय होतं ते सांगतो, कारण याबद्दल लोकांच्या मनात फार गैरसमज आहेत. धूर वर जातो, छताला टेकतो, पसरतो आणि मग थर जाड होत होत खाली उतरतो, उलटी टाकी भरत यावी तसा. टॉयलेटची भिंत पक्की असली तरी वरचं फॉल्स सिलिंग बऱ्याचदा बाहेरच्या हॉलशी जोडलेलं असतं, दाराखाली फट असते, दारालाच जाळी असते हवा खेळायला. आत खिडकी नसते, असली तर वीतभर झडप. एक्झॉस्ट चालू असेल तर तो उलट बाहेरचा धूर आत ओढून घेतो. म्हणजे आग दाराशी यायची गरजच नाही. प्लॅस्टिक, फोम, रेक्झिन जळताना कार्बन मोनॉक्साइड तर निघतोच, हायड्रोजन सायनाइड पण निघू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ताकदीने चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग पायातली शक्ती जाते, आणि सगळ्यात घातक म्हणजे विचार करायची शक्ती जाते, निघायला हवं हे कळत असून माणूस बसून राहतो. म्हणून त्या दारामागे शिरलेल्या माणसाला दोन मिनिटांनी ‘चला आता बाहेर पडू’ असं वाटलं तरी उपयोग नसतो.

आणि ओला रुमाल? आता क्रिस्टल टॉवरकडे येऊ, कारण ओला रुमाल तिथूनच घराघरात पोचला.

22 ऑगस्ट 2018, बकरी ईदची सुट्टी, सकाळी साडेआठच्या आसपास. क्रिस्टल टॉवर, परळ. आग बाराव्या मजल्यावर, धूर जिन्यातून आणि डक्टमधून वर. चार माणसं गेली, अनेक जण धुराने हॉस्पिटलमध्ये. बिल्डिंगची आग विझवायची यंत्रणा चालत नव्हती, ओसी म्हणजे राहायला परवानगी देणारा दाखला नव्हता, हे सगळं नंतर बाहेर आलं. वरच्या मजल्यावर दहा वर्षांची झेन सदावर्ते राहायची. तिने शाळेत शिकलेलं आठवून घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना सुती कापडाचे तुकडे ओले करून नाकातोंडावर धरायला लावले, घाबरू नका म्हणून सांगितलं, आणि फायर ब्रिगेडने येऊन लोकांना खाली काढेपर्यंत ती सगळी मंडळी तग धरून राहिली. तिला त्याबद्दल राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. दहा वर्षांच्या मुलीने मोठ्यांना शांत ठेवलं हेच मुळात अचाट आहे.

पण या गोष्टीतून लोकांनी काय उचललं, तर ‘ओला रुमाल म्हणजे मास्क, तोंडाला लावा आणि धुरातून जा’. हे चूक आहे, आणि जीवघेणं चूक आहे. ओलं कापड काजळी अडवतं, गरम हवा थोडी थंड करतं, पाण्यात विरघळणारे झोंबणारे वायू काही प्रमाणात पकडतं, त्यामुळे खोकला कमी होतो आणि माणूस शुद्धीवर राहून विचार करू शकतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यातून सरळ आत जातो, रुमाल ओला असो की कोरडा. खोलीत जरासा धूर शिरलाय आणि तुम्ही खिडकीशी थांबलाय, तर ओलं कापड कामाचं. काळ्या धुराने भरलेल्या जिन्यात ओला रुमाल घेऊन बारा मजले उतरायला निघालात तर चौथ्या मजल्यापर्यंत सुद्धा पोचणार नाही. क्रिस्टल टॉवरमध्ये वरची माणसं वाचली त्यात कापडाचा वाटा आहेच, पण धुराने भरलेल्या जिन्यात न उतरता थांबून राहणं, याचा वाटा माझ्या मते त्याहून मोठा.

मग दोन्हीकडे माणसं आतच थांबली, एकीकडे वाचली, एकीकडे गेली. फरक काय? क्रिस्टल टॉवरला वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या आणि आगीच्या मध्ये काँक्रीटचे स्लॅब होते, कमला मिलला पडदा होता. फ्लॅटला बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी असते, टॉयलेटला नाही. फ्लॅटच्या खिडकीत उभं राहिलेलं माणूस खालून फायर ब्रिगेडला दिसतं, शिडी लावता येते, आणि परळला तशी लावलीच, टॉयलेटमधलं माणूस कुणालाच दिसत नाही, आत कुणी आहे हेच कुणाला माहिती नसतं. आणि चौथी गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात वरची, आग तुम्ही आहात त्याच जागेत आहे की दुसऱ्या जागेत? तुमच्या खोलीत, तुमच्या फ्लॅटमध्ये, तुमच्या हॉलमध्ये आग असेल तर लपायचा विषयच नाही, त्या क्षणी बाहेर, आणि बाहेर पडताना मागचं दार ओढून घ्यायचं, नुसतं ओढून, कुलूप नाही. आग दुसरीकडे असेल आणि वाट मोकळी असेल तर जिन्याने खाली. आग दुसरीकडे आहे आणि वाट धुराने भरलेली आहे, फक्त आणि फक्त तेव्हाच आत थांबायचं, ते पण रस्त्यावर उघडणारी खिडकी असलेल्या खोलीत. कमला मिलला पहिली परिस्थिती होती. बिचाऱ्यांनी तिसरीचं उत्तर दिलं.

बातम्यांमध्ये त्या वेळी दोन भावांबद्दल आलं होतं, नात्यातल्या एक बाई आत राहिल्या म्हणून ते परत आत वळले आणि तिघंही गेले. यावर मी शहाणपणा शिकवायला जाणार नाही, आपलं माणूस आत असताना बाहेर उभं राहणं कुणाला जमतं. एवढंच सांगू शकतो की ग्रुपने कुठे गेलात तर भेटायची जागा आधी ठरवून ठेवा, गेटसमोरचा पानवाला म्हणा, काहीही, म्हणजे कोण बाहेर आलंय हे कळायला आत जावं लागणार नाही. बरेचदा माणूस दुसऱ्या जिन्याने खाली आलेलं असतं आणि इकडे कुणीतरी त्याला शोधायला वर चाललेलं असतं.

आता थोडं आपल्या घराकडे, कारण पबमध्ये आपण कितीसे जातो, झोपतो घरी. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या बिल्डिंगांमध्ये आगी बऱ्याचदा इलेक्ट्रिक मीटरच्या खोलीत नाहीतर वायरिंगच्या डक्टमध्ये लागतात. मीटरची खोली कुठे, तर तळमजल्यावर जिन्याखाली. तिच्यासमोर काय, तर स्कूटर, तुटक्या सायकली, कुणाचं तरी जुनं कपाट, आणि आता चार्जिंगला लावलेली ई-बाईक. म्हणजे आग खाली आणि धूर थेट जिन्यात, जो वरच्या सगळ्यांचा एकमेव रस्ता. अशा आगीत दार उघडून जिन्यात धाव घेणारी माणसं जातात, दार लावून घेणारी वाचतात. डक्टला प्रत्येक मजल्यावर स्लॅबच्या जागी सील केलेलं असायला हवं, नाहीतर तो डक्ट म्हणजे सरळ धुरांडं. आमच्या बिल्डिंगमध्ये डक्टचं दार उघडून खाली बघितलं तर तळमजल्यावरचा बल्ब दिसत होता, मग मीटिंगमध्ये भांडून भांडून ते बंद करून घेतलं. तुम्ही पण एकदा उघडून बघा, टॉर्च मारा आणि बघा खालपर्यंत दिसतंय का.

धूर जिन्यात आहे का हे दार उघडून बघायचं नसतं. आधी हाताची मागची बाजू दाराला वरपासून खालपर्यंत लावायची, तळवा नाही, मागची बाजू, तिला ऊब लवकर कळते आणि भाजलंच तर धरायला तळवा शाबूत राहतो. गरम असेल तर उघडायचंच नाही. गार असेल तर खाली वाकून, खांदा दाराला लावून, बोटभर उघडायचं. काळा धूर आत आला की लगेच बंद. मग जुना टॉवेल, चादर, जे असेल ते ओलं करून दाराच्या खालच्या फटीत कोंबायचं, सगळ्यांना घेऊन दारापासून लांबच्या खोलीत जायचं, मधली दारं लावत जायचं, आणि एसी, एक्झॉस्ट बंद. प्रत्येक बंद दार म्हणजे काही मिनिटं. खिडकी थोडी उघडायची, पण खालून धूर वर येत असेल तर बंद ठेवायची, आणि म्हणूनच काच फोडायची नाही, फोडलेली काच परत लावता येत नाही.

आणि इथे येतो आपला लाडका बॉक्स ग्रिल. चोर येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्यांना पिंजरे, त्यात कुंड्या, वाळत घातलेले कपडे, गॅसचा जुना सिलेंडर. फायर ब्रिगेडची शिडी खिडकीपर्यंत आली तरी आधी गज कापत बसायला लागतं. ग्रिलला उघडणारं दार करून घेता येतं, वेल्डर एका दिवसात करून देतो, त्याला कुलूप लावलंत तर किल्ली तिथेच खिळ्याला, चोराचा हात पोचणार नाही पण घरातल्या आजीला सापडेल अशा जागी. किल्ल्यांच्या जुडग्यात, ते जुडगं पर्समध्ये आणि पर्स ऑफिसला, असं असेल तर ते दार नसल्यातच जमा.

लिफ्टबद्दल पाटी सगळीकडे असते, आग लागल्यास लिफ्ट वापरू नये, आणि तरी लोक बटण दाबतातच, विशेषतः म्हातारी माणसं बरोबर असली की. लाइट गेली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, आणि शाफ्टमधून धूर चढत असतो. उंच बिल्डिंगमध्ये रेफ्युज एरिया असतो, उतरणं जमत नसेल तर थांबायला, उघड्या हवेतली मोकळी जागा, तो आपल्या बिल्डिंगमध्ये कितव्या मजल्यावर आहे हे निम्म्या लोकांना माहिती नसतं आणि उरलेल्या निम्म्यांना माहिती असतं कारण त्यांचं सामान तिथे असतं. कुठे कुठे तर गणपतीच्या डेकोरेशनचं थर्माकोल वर्षभर तिथेच. महाराष्ट्रात 2006 चा फायर कायदा आहे, त्यात लायसन असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म बी द्यायचा असतो. जनरल बॉडी मीटिंगमध्ये पेंटिंगच्या रंगावर दोन तास वाद घालणाऱ्यांनी एकदा सेक्रेटरींना विचारावं, साहेब, शेवटचा फॉर्म बी कधीचा? आणि कागद बघून गप्प बसू नये, गच्चीवरच्या टाकीचा पंप चालू करून होजरीलमधून, म्हणजे जिन्याजवळच्या त्या पाइप गुंडाळलेल्या चक्रीतून, पाणी येतं का ते डोळ्यांनी बघावं.

कमला मिलनंतर काय झालं, तर दुसऱ्या दिवसापासून महापालिकेने शहरभर बेकायदा शेड, छतं पाडायला सुरुवात केली, मालकांवर सदोष मनुष्यवधाचे गुन्हे लागले, अटका झाल्या, हायकोर्टाने निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली. कमला मिलच्या आगीच्या अकराच दिवस आधी, 18 डिसेंबरला, साकीनाक्याला खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानात आग लागून 12 कामगार गेले होते. तेव्हा एवढं काही झालं नाही. तिथले लोक कामाच्या जागीच झोपायचे, पोटमाळ्यावर. गोव्यात पण गेलेल्यांमध्ये मोठी संख्या तिथे काम करणाऱ्यांची, खाली तळघरात किचनकडे होते ते. आपण गिऱ्हाईक म्हणून एक्झिट बघतो तेव्हा हॉलचा बघतो, किचनमधल्या माणसाला किती वाटा आहेत ते कुणी विचारत नाही. किचनला एकच अरुंद जिना आणि तोच हॉलमध्ये निघतो, असं असेल तर वरच्या आगीत खालचा माणूस आधी संपतो, आणि त्याला तर टेबलावरून उठून निघून जायची पण सोय नाही.

तर हॉटेलात, हॉलमध्ये, लग्नाच्या कार्यालयात, क्लासमध्ये शिरताना मी काय करतो ते सांगतो, घरच्यांना आता सवय झालीये, पोरं हसतात. बसायच्या आधी दुसरं दार शोधतो, आणि नुसतं हिरवी पाटी बघून थांबत नाही, तिथपर्यंत चालत जाऊन ढकलून बघतो. उघडलं तर बाहेर काय आहे, जिना आहे की स्टोअररूम, जिन्यात क्रेट आहेत का. साखळी, कुलूप असेल तर मॅनेजरला हाक मारतो, तो ‘सर चावी काउंटरला असते’ म्हणतो. त्या दारापासून आपल्या टेबलापर्यंत किती टेबलं आहेत ते मोजतो, म्हणजे अंधारात हाताने मोजत जाता येईल. वर ताडपत्री, कापडी झालर, सुकलेली फुलं, गवताचं छप्पर असेल आणि खाली हुक्का किंवा कोल्ड पायरो, म्हणजे ते ठिणग्यांचे कारंजे उडवणारं यंत्र, चालू असेल तर तिथे बसायचंच नाही, जेवायला शंभर जागा आहेत.

आणि 101 ला फोन लागला की ‘आग लागलीये लवकर या’ एवढं म्हणून ठेवू नका, समोरचा विचारेल तेवढं सांगा: रस्ता, जवळची खूण, कितवा मजला, आणि आत अडकला असाल तर कुठल्या बाजूची खिडकी, रस्त्याकडची की मागच्या गल्लीतली, आत किती जण, त्यात चालता न येणारं कोणी आहे का. 101 लागला नाही तर 112, मुंबईत आपत्कालीन कक्षाचा 1916 पण आहे. मग त्या खिडकीतून एखादं भडक रंगाचं कापड, लाल टॉवेल, ओढणी, बाहेर लटकवा, रात्र असेल तर मोबाईलचा टॉर्च हलवत राहा, आणि त्यांना सांगितलेली खिडकी सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. खोली बदलावीच लागली तर परत फोन करून सांगा.